तिसऱ्या वाचकाचा शेरा

सर त्या सोमवारी घराबाहेर पडले ते एक वही आणायला. काम एवढंच. सकाळचे साडेदहा झाले होते, ऊन स्वच्छ पडलं होतं आणि बायकोनं दारातून नेहमीचे तीन प्रश्न विचारले होते: चष्मा घेतलात का, किल्ली घेतलीत का, आणि जेवायला घरी यायचंय हे लक्षात आहे ना. अशा सकाळी काही विपरीत घडेल असं कुणाच्या मनात येत नाही. सरांच्या मनात आलं होतं, पण त्याला फारसा अर्थ नव्हता. ते त्यांच्या मनात रोजच यायचं.

सरांचं वय चौऱ्याहत्तर. धर्मग्रंथांवरची जुनी भाष्यं वाचण्यात, लावण्यात आणि शिकवण्यात उभा जन्म गेलेला. पदव्या इतक्या की नावापुढे लिहायची लाज वाटावी, म्हणून ते लिहीत नसत. आणि एवढं शिकूनही स्वतःच्या शब्दावर काडीचा विश्वास नाही. विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'तळटीप' म्हणायचे. किती वाजले असं विचारलं तर सर अकरा म्हणायचे, दोन पावलं पुढे जायचे आणि वळून सांगायचे की घड्याळ कालपासून लावलेलं नाही, तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी विचारून घ्यावं.

अशा माणसाला मंडळानं आपल्या त्रैमासिकाचा इतिहास लिहायला सांगितलं होतं. त्रैमासिक धर्मग्रंथांच्या अभ्यासाला वाहिलेलं. वर्षाला एक खंड, आणि यंदा शंभरावा खंड. संपादिका म्हणजे सरांची जुनी विद्यार्थिनी. सर नाही म्हणणार हे धरून तिनं दुसरं नावही मनात ठरवून ठेवलं होतं. सर तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणाले. घरी बायकोला हे कळलं तेव्हा तिनं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

हो म्हणण्याचं कारण सरांच्या पाकिटात होतं. सत्तेचाळीस वर्षं ते एका पाकिटातून दुसऱ्या पाकिटात जात आलं होतं. तळहाताएवढा कागद, घड्यांवर फाटत आलेला, आणि त्यावर पेन्सिलीनं तीन छोटी वाक्यं:

'हे पान त्या हस्तलिखितात नाही. जाऊन पाहा. मी थांबतो.'

सत्ताविसाव्या वर्षी सरांनी या त्रैमासिकाला पहिला लेख पाठवला होता. एका जुन्या भाष्यकारानं विरुद्ध पंथाच्या आचार्यांना ग्रंथात खोटी वचनं घुसडणारे चोर म्हटलं आहे, असं त्यात ठासून लिहिलं होतं आणि खाली आधार दिला होता: अमुक हस्तलिखित, पान एक्केचाळीस. ते हस्तलिखित सरांनी पाहिलंच नव्हतं. एका बड्या पंडिताच्या पुस्तकात ती तळटीप होती. सरांनी ती तशीच्या तशी उचलली आणि आपण डोळ्यांनी पाहून आल्याच्या थाटात खाली ठेवून दिली. या धंद्यात असं पुष्कळ जण करतात. बहुतेकांचं खपूनही जातं.

लेखावर तो पेन्सिलीचा शेरा आल्यावर सर दोन दिवसांचा प्रवास करून त्या हस्तलिखितापर्यंत गेले. त्याची पानं होती अडतीस. एक्केचाळिसावं पान कधी नव्हतंच. अडतीस पानांत चोर हा शब्द कुठे नव्हता. विरुद्ध पंथाच्या आचार्यांना भाष्यकारानं दोन ठिकाणी 'पूज्य' म्हटलं होतं. लेख तसाच छापला गेला असता तर दोन पंथांमधल्या जुन्या जखमेची खपली निघाली असती, आणि पानं मोजणारा कुणीतरी उठलाच असता. सरांचं अभ्यासक म्हणून जगणं तिथेच संपलं असतं. तसं झालं नाही. लेखाची जागा दोन अंक राखून ठेवली गेली. कुणी रागावलं नाही, कुणाला कळलंही नाही. कुणीतरी फक्त थांबलं.

त्यानंतर मिळालेली नोकरी, ठरलेलं लग्न, मुलीचं शिक्षण, सभेत गळ्यात पडलेले हार, हे सगळं त्या तीन वाक्यांवर उभं आहे असं सर मानत. आता हात थरथरत होता. तीन वर्षं झाली. सही करायची तर बायको कागद घट्ट धरून ठेवायची. त्या माणसाचं नाव शोधून इतिहासाच्या शेवटच्या पानावर त्याचे आभार छापायचे, यासाठी फार दिवस उरलेले नाहीत हे त्यांना कळत होतं.

त्रैमासिकाची एक रीत पहिल्या खंडापासून चालत आली होती. आलेला प्रत्येक लेख तिघांनी वाचायचा. पहिला वाचक एका पंथाचा, दुसरा विरुद्ध पंथाचा. म्हणजे एकाला लेख आवडणार आणि दुसऱ्याला त्याचा संताप येणार हे ठरलेलंच. म्हणून तिसरा. लेखाची फाइल वाचनालयातल्या भिंतीतल्या कपाटात ठेवायची, आठ दिवसांनी काढायची, आत शेरा असेल तो लेखकाला पाठवायचा. तिसऱ्याचं नाव विचारायचं नाही. संस्थापकांनी पहिल्याच अंकात लिहिलं होतं की धर्माच्या अभ्यासात खोटं लिहिणं फार सोपं असतं, कारण ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांच्यापैकी कुणी तपासायला परत येत नाही. सर हे वाक्य वर्गात दरवर्षी सांगायचे. मुलं हसायची.

तर सोमवारी सर जी वही आणायला गेले ती वाचकांची नोंदवही. संपादिकेनं ती कुलपातून काढून टेबलावर ठेवली. पानापानावर तीन रकाने. पहिल्यात नाव, दुसऱ्यात नाव. तिसऱ्यात नुसती बरोबरची खूण. सरांनी पन्नास पानं उलटली, शंभर उलटली. शाई बदलत गेली, संपादक बदलत गेले, तिसऱ्या रकान्यात नाव एकदाही नाही.

"तिसरा वाचक कोण असतो, तुला माहीत असणार," सर म्हणाले.

"मला कुठून, सर? ते ग्रंथपाल बघतात."

ग्रंथपालांनी सांगितलं की आपण फक्त कपाट झाडतो, माणूस मंडळ ठरवतं. मंडळाचे अध्यक्ष फोनवर हसले. त्यांच्या समजुतीप्रमाणे ते शेरे संपादिकाबाईच लिहीत होत्या आणि विनयामुळे सांगत नव्हत्या. आधीचे संपादक अंथरुणाला खिळलेले होते, पण डोकं शाबूत होतं. त्यांनी आठवून आठवून सांगितलं की त्यांच्या आधीच्यांनी कपाट दाखवलं, आठ दिवस सांगितले आणि विचारू नका म्हणाले, म्हणून विचारलं नाही. त्यांच्याही आधी एकदा अक्षर बदललं होतं, एवढं ते ऐकून होते. त्याबद्दलही विचारलं नाही.

शंभर वर्षं, चारशे अंक, आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याला माहीत आहे. विद्वानांच्या संस्था अशाच चालतात, म्हणून सर रस्ताभर स्वतःशी हसत आले. घराचा जिना चढताना मधल्या पायरीवर त्यांचं हसू थांबलं. का, ते त्यांना सांगता आलं नसतं.

संपादिकेनं आणखी एक गोष्ट सांगितली होती. पुढच्या वर्षापासून लेख कॉम्प्युटरवर येणार आणि कॉम्प्युटरवरच वाचकांकडे जाणार होते. वाचनालयाची डागडुजी व्हायची होती, आणि कपाटाच्या भिंतीत नवं दार पाडायचं होतं. म्हणजे सरांचा इतिहास त्या कपाटात जाणाऱ्या शेवटच्या दोन-चार फायलींपैकी एक.

शोध लागला तो तळघरात. छापील सूची व्हायच्या आधीची जुनी कार्डं तिथे लाकडी खणांत पडून होती. मंडळाची साडेचार हजार हस्तलिखितं एका माणसानं एकट्यानं पुसली, मोजली आणि कार्डांवर उतरवली होती. त्यांना सगळे सूचीकार काका म्हणत. सरांनी त्यांना पाहिलेलं नव्हतं, फक्त ऐकलेलं होतं. सहज म्हणून सरांनी एक खण ओढला, कार्ड उजेडात धरलं आणि दुसऱ्या हातानं पाकीट काढलं. तेच अक्षर. बारीक, उजवीकडे झुकलेलं, आणि 'ह'ची शेपटी खालच्या ओळीत उतरलेली. सर तळघरातल्या स्टुलावर बसले आणि रुमाल काढून त्यांनी डोळे पुसले. सत्तेचाळीस वर्षांनी माणूस सापडला होता.

पंचाहत्तराव्या खंडात कुणीतरी जुन्या कर्मचाऱ्यांवर लेख लिहिला होता. सूचीकार काका सत्तावन्नाव्या खंडापर्यंत कामावर होते, अशी त्यात तळटीप होती. सरांचा लेख त्रेपन्नाव्या खंडातला. सगळं जुळत होतं. सरांनी अकरा दिवसांत चाळीस पानांचा इतिहास लिहून काढला, म्हणजे सांगितला. टाइप मुलीनं केला. एकतिसाव्या पानावर नाव घातलं, सेवेची वर्षं घातली आणि खाली मनापासून आभार मानले. जन्मात पहिल्यांदाच लिहिलेल्या पानाबद्दल त्यांना शंका वाटली नाही.

"नियम म्हणजे नियम," संपादिका हसून म्हणाली आणि सरांची फाइल तिनं स्वतः कपाटात ठेवली. आता हे काम दुसरं कुणी करत असणार, असं सरांनी गृहीत धरलं होतं. त्याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

पण लेख वाचायला दिला की लेखक लेखकच होतो, मग तो सत्ताविशीचा असो की चौऱ्याहत्तरचा. सातव्या दिवशी सरांना घरी बसवेना. मुलीला फोन करून झाला, बायकोला दोनदा विचारून झालं की पान एकतीस जरा भावुक झालंय का. तिनं सांगितलं की तिसऱ्या वाचकाचं माहीत नाही, पण पहिल्या वाचकाचं डोकं मात्र उठलं आहे. मग सर शर्ट चढवून निघाले.

वाचनालय दुपारी दोन ते चार बंद असे. इतिहासाच्या कामासाठी सरांकडे किल्ली होती. आत खिडक्या लावलेल्या, तावदानांवरच्या धुळीतून येणारं पिवळट ऊन, डांबराच्या गोळ्यांचा आणि जुन्या खळीचा वास. बाहेरच्या रस्त्यावरचे आवाज दार लावताच तुटले. लांब टेबल, पालथ्या खुर्च्या, आणि टोकाला भिंतीतलं ते कपाट. दोन लाकडी फळ्यांची दारं, वर पितळी कडी. कपाट पुरुषभर उंच, पण खोल हातभरसुद्धा नाही. त्यात माणूस मावणं शक्य नव्हतं. हे सरांनी मुद्दाम मनाशी म्हटलं, कारण ते खुर्ची ओढून बसले आणि त्याच वेळी त्यांना आतून पान उलटल्याचा आवाज आला.

उंदीर असेल.

पुन्हा पान उलटलं. सावकाश, वरच्या कोपऱ्याला धरून, मधे सुरकुती पडू नये अशा बेतानं. उंदीर असं उलटत नाही. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक. आवाज कोरडा आणि जवळचा होता, शेजारच्या खुर्चीवर कुणी वाचत बसावं इतका.

पळून जायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्यांना त्या क्षणी भुताची भीती वाटली नाही. वाटली ती वाचकाची. कारण पानांच्या अंतरावरून त्यांच्या लक्षात आलं की जे वाचतंय ते प्रत्येक तळटीप वाचतंय. जिथे तळटिपा दाट होत्या तिथे वेळ लागत होता. आपली चाळीस पानं सरांना पाठ होती. संस्थापकांचं प्रकरण सरलं, पंथांच्या वादाचं सरलं. एके ठिकाणी आत कुणीतरी नाकातून हलकेच हसल्यासारखा आवाज आला. तिथे सरांनी अध्यक्षांच्या लांबलेल्या भाषणाबद्दल लिहिलं होतं. एवढ्या भीतीतही सरांना बरं वाटलं.

एकोणतीस. तीस. एकतीस.

आणि मग पान उलटेना.

ऊन टेबलाच्या काठावरून खाली उतरलं. खोलीतली हवा पहाटेसारखी थंड झाली. सरांनी टेबलाची कड धरली.

"चुकलंय का काही..." ते पुटपुटले. "काही चुकलं असेल तर..."

थोड्या वेळानं कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज आला. तीन छोटी वाक्यं लिहायला लागतो तेवढाच वेळ.

चार वाजता ग्रंथपाल आले तेव्हा सर तसेच बसलेले होते. ग्रंथपालांना वाटलं, झोप लागली असावी. त्यांनी दिवे लावले, पाणी आणून दिलं आणि सरांनी मागितलं म्हणून कपाट उघडून फाइल दिली. एक दिवस आधी काढली तर काय बिघडतं म्हणाले. कपाटात फाइलशिवाय काहीच नव्हतं. पेन्सिलसुद्धा नव्हती. एकतिसाव्या पानाला तळहाताएवढा कागद टाचलेला होता.

'मृत्युलेख स्वतः पाहिलात का? जाऊन पाहा. मी थांबतो.'

'ह'ची शेपटी खालच्या ओळीत उतरली होती.

सर उठले. जुने खंड समोरच्याच भिंतीला होते, पंधरा पावलांवर. सत्तावन्नावा काढला, मृत्युलेख नाही. छप्पन्न, पंचावन्न, चोपन्न, कुठेच नाही. सापडला तो एक्कावन्नाव्या खंडात, तिसऱ्या अंकाच्या मलपृष्ठावर, काळ्या चौकटीत. सूचीकार काकांचं आजारपण, मृत्यूची तारीख, मंडळानं वाहिलेली श्रद्धांजली. सरांनी तारीख बोटानं धरून तीनदा वाचली. ते गेले त्यानंतर दोन वर्षांनी सरांनी लेख पाठवला होता.

सर खाली जमिनीवरच बसले. आधी आली ती लाज. पंचाहत्तराव्या खंडातली तळटीप त्यांनी तशीच उचलली होती, न पाहता, पाहिल्याच्या थाटात. सत्तेचाळीस वर्षं ज्या चुकीबद्दल पाकिटात कागद बाळगला, तीच चूक, त्याच माणसाच्या बाबतीत, पुन्हा. भीती तिच्या मागून आली.

मंडळाचे जुने बाइंडर अजून आठवड्यातून दोन दिवस यायचे. ऐंशीच्या पुढचे, कानानं अधू, हात मात्र तरबेज. सर दुसऱ्या दिवशी त्यांच्याजवळ जाऊन बसले. खळ लावता लावता बाइंडर बोलत होते. काका गेले तेव्हा ते इथेच होते, खांदाही दिला होता. मग ब्रश थांबवून म्हणाले, "शेवटी शेवटी काकांची बोटं पार सुजली होती हो. कार्डं टाइप करून घ्यायचे. आणि भांडायचे. तेव्हाचे संपादक म्हणायचे शेरा तुमचाच, अक्षर तुमचंच. काका म्हणायचे अक्षर माझं आहे, पण मी लिहिलेलं नाही."

"मग?"

"मग काय? मग एक दिवस भांडायचे थांबले. चार महिन्यांनी गेले."

सरांनी विचारलं की अक्षर कसं होतं, बोटं सुजलेल्या माणसाचं वाटत होतं का. चांगलं होतं, बाइंडर म्हणाले. तरुणपणीसारखं. आणि मग चहा मागवू का असं विचारून त्यांनी तो विषय बंद केला.

घरी येऊन सरांनी एकतिसावं पान काढून टाकलं. नवं काय लिहायचं यात चार दिवस गेले. मेलेला माणूस लेख तपासतो असं छापलं तर मंडळ त्यांना डॉक्टरकडे नेणार. वाचक अज्ञात आहे असं छापलं तर ते खोटं. बायको म्हणाली, जेवढं पाहिलंत तेवढंच लिहा, नाहीतर जेवायला तरी चला. सरांनी तेवढंच लिहिलं. माझ्या पहिल्या लेखावरचा शेरा माझ्यापाशी आहे. त्याचं अक्षर सूचीकार काकांच्या कार्डांवरच्या अक्षराशी जुळतं. काकांचा मृत्यू एक्कावन्नाव्या खंडाच्या वर्षी झाला, माझा लेख त्रेपन्नाव्यातला. याहून अधिक मला माहीत नाही. ज्यांनी माझी चूक जगाला न सांगता मला सांगितली आणि मी सुधारेपर्यंत वाट पाहिली, त्यांच्यामुळे मी आजवर ताठ मानेनं जगलो. त्यांना माझा नमस्कार.

फाइल पुन्हा कपाटात गेली. या वेळी सर तिथे जाऊन बसले नाहीत. वाचणाऱ्याच्या डोक्यावर बसू नये, एवढं त्यांना कळलं होतं. आठ दिवसांनी कागद आला. 'आता ठीक आहे. येतो मी.' सरांनी तो पहिल्या कागदाशेजारी पाकिटात ठेवला आणि खिडकीपाशी बराच वेळ उभे राहिले. कुणीतरी पाहुणा फाटकापर्यंत गेला असावा आणि त्यानं वळून पाहावं म्हणून आपण थांबलेलो असावं, तसं त्यांना वाटत होतं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

इथे गोष्ट संपली असती तर सरांनी ती हसत सांगितली असती.

तीन आठवड्यांनी, संध्याकाळी पाचच्या सुमाराला, संपादिका घरी आली. खुशीत होती. हातात एक फाइल होती. बायकोनं तिला चहा दिला. ती सरांना म्हणाली, "मला आधी सांगायचं ना, सर. मी तुम्हाला साऱ्या गावाला फोन करायला लावलं, आणि तुम्ही गप्प."

"काय सांगायचं?"

"तिसरे वाचक तुम्हीच म्हणून. इतकी वर्षं ते झुकतं अक्षर होतं, ते कुणाचं मला कधी कळलं नाही. पण हे तर मी झोपेत ओळखीन. माझ्या प्रबंधाच्या समासात तीनशे पानं होतं."

तिनं फाइल उघडली. एका नवख्या लेखिकेचा पहिला लेख होता. सरांनी तो कधी पाहिला नव्हता, विषयही त्यांचा नव्हता. ज्या हस्तलिखिताचा त्यात आधार दिला होता त्याची लिपी सरांना वाचताही येत नव्हती. बाराव्या पानाला तळहाताएवढा कागद टाचलेला होता.

'पान आहे, पण तुम्ही म्हणता ते त्यावर लिहिलेलं नाही. जाऊन पाहा. मी थांबतो.'

संपादिका बोलत होती. ती बिचारी मुलगी रडली म्हणे आधी, आणि मग तिकीट काढायला गेली. आणि हे असं बघून आपण मंडळाला सांगून टाकलं की कॉम्प्युटर खुशाल येऊ द्या, पण ती भिंत पाडायची नाही. दार दुसरीकडे काढा. सर ऐकत होते आणि कागदाकडे पाहत होते. हे मी लिहिलेलं नाही, हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते काकांनीही म्हटलं होतं आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता, हे आठवून त्यांनी ते गिळलं.

"ती विचारतेय, किती दिवस थांबाल?" संपादिका म्हणाली. "तिला दोन महिने तरी लागतील."

सरांना आपला दोन दिवसांचा प्रवास आठवला, ती अडतीस पानं, आणि परत येताना गाडीच्या खिडकीतून दिसलेली उजाडणारी जमीन. त्या मुलीला आता तसंच वाटणार होतं. आयुष्यभर त्यांना ज्याचं देणं वाटत आलं, ते फेडायची जागा कुणीतरी त्यांच्यासाठी धरून ठेवली होती. छातीत धडधडत होतं, पण चौऱ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदाच त्या धडधडीला काही विचारावंसं वाटलं नाही.

"घाई नाही म्हणावं," ते म्हणाले. "आणि हे बघ... ही लिपी शिकवणारं कुणी आहे का तुझ्या ओळखीचं? मला यायला हवी."

संपादिका हसली, नाव-पत्ता देते म्हणाली आणि गेली. कागद मात्र सरांनी थोडा वेळ ठेवून घेतला होता, उद्या पाठवतो म्हणून. बायको कप उचलायला आली. तिची नजर त्यावर पडली आणि ती थबकली. चष्मा वर करून तिनं कागद हातात घेतला, खिडकीशी नेला.

"अगंबाई," ती म्हणाली. "हे लग्नाआधीच्या पत्रांमधलं अक्षर. एक रेघ हललेली नाही." मग तिनं सरांच्या गुडघ्यावर थरथरणाऱ्या हाताकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं, आणि तिचा आवाज बारीक झाला. "अहो... कधी लिहिलंत हे?"

सरांनी तिला शेजारी बसायची खूण केली. नेहमीच्या सवयीनं त्यांनी उत्तर मनात एकदा तपासून घेतलं. त्यात चूक सापडली नाही.

"अजून नाही," ते म्हणाले.